कोल्हापुरात राहून मणक्याचं संशोधन कसं करायचं: नव्या स्पाइन सर्जनसाठी

थीसिस सबमिट झाला, वायव्हा झाली, एमएसची पदवी हातात आली की आपल्याकडे बहुतेकांचं संशोधन तिथंच थांबतं. मग स्पाइनची फेलोशिप होते. परत आल्यावर राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत ओपीडी सुरू होते, ऑपरेशनं वाढत जातात, आणि 'संशोधन हे मोठ्या इन्स्टिट्यूटचं काम' हे वाक्य तोंडात बसतं. मला ते पटत नाही. मी कोल्हापुरात मणक्याच्या शस्त्रक्रिया करते आणि इथंच बसून अभ्यास करते, लिहिते. मला जे उपयोगी पडलं ते नव्यानं सुरुवात करणाऱ्या मुलामुलींसाठी लिहून ठेवते आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगते. आपल्या कामात अडतं ते पेशंट परत येण्यावर. महागडी यंत्रं नसली तरी चालतं. दोन वर्षांनी तोच माणूस त्याच प्रश्नांची उत्तरं द्यायला समोर नसेल, तर हाती काहीच उरत नाही.

याचा मोठा दाखला आपल्याच देशात आहे. मणक्याचा क्षय झालेल्या लहान मुलांमध्ये काहींचं पोक आजार बरा झाल्यावरही वाढत राहतं. कुणाचं वाढेल, हे आधी कळणार कसं? डॉ. एस. राजशेखरन यांनी औषधोपचारावर बऱ्या झालेल्या मुलांचा १५ वर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये त्याचं उत्तर दिलं. साध्या एक्सरेवर दिसणाऱ्या चार खुणा आहेत. त्यांतल्या दोनपेक्षा जास्त असतील तर पोक मोठं होण्याचा धोका असतो. एक्सरे तर आपल्या प्रत्येक तालुक्यात निघतो. अवघड होती ती १५ वर्षं. त्याआधी १९७५ मध्ये बनारसहून डॉ. एस. एम. तुली यांनी 'मिडल पाथ' मांडला: क्षयाच्या प्रत्येक मणक्याला मोठी शस्त्रक्रिया नको, औषधं सगळ्यांना आणि चाकू ठरावीक कारणांसाठीच. सगळ्यांना मोठं ऑपरेशन देता येणार नाही अशा ठिकाणी काम करताना जो प्रश्न पडतो, त्याचंच ते उत्तर होतं. दोन्ही कामांत प्रश्न दारात आलेल्या पेशंटकडूनच मिळाला होता.

प्रश्न आपल्या रस्त्यावरचा घ्या

फेलोशिपहून आलेली मुलं बहुधा तिथलाच प्रश्न सोबत घेऊन येतात: रोबोट, नेव्हिगेशन, एखादा नवा केज (दोन मणक्यांच्या मध्ये बसवायचा आधार). तो प्रश्न तिथं शोभतो. इथं तुमच्याकडे दुसरं काहीतरी आहे, जे त्यांच्याकडे नाही. कागद घ्या आणि महिनाभर ओपीडीत आलेल्या पेशंटचं गाव आणि काम लिहून काढा, निदान बाजूला ठेवा. ऊसतोड करणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगवर माणूस दिवसभर वाकून असतो. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची चढउतार करणारे हमाल आहेत, तालमीत मानेवर जोर घेणारी पोरं आहेत, रोज वैरणीचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या बायका आहेत. कोकणातून नारळाच्या नाहीतर आंब्याच्या झाडावरून पडलेले पेशंट घाट चढून येतात. या मानेचं आणि कमरेचं काय होतं, यावर लिहिण्याइतके पेशंट तुमच्या दाराशी येतात. मोठ्या शहरातल्या इन्स्टिट्यूटला ते गोळा करायला प्रोजेक्ट काढावा लागेल.

एक प्रश्न उलगडून दाखवते. पाठीच्या कण्याला मार लागून मज्जारज्जू दबला असेल तर लवकर मोकळा केलेला बरा, असं आपण शिकतो. मानेच्या इजांवरचा स्टॅसिस हा अभ्यास २०१२ मध्ये आला. ३१३ पेशंट होते आणि लवकर म्हणजे २४ तासांच्या आत, अशी रेघ त्यांनी आखली होती. आता वैभववाडीजवळच्या एखाद्या वाडीतला माणूस झाडावरून पडला असं धरा. तो आधी ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून कणकवली किंवा ओरोसला, मग फोंडा घाटानं किंवा गगनबावड्याकडून कोल्हापूरला. पावसाळ्यात दरड आली तर रस्ताच बदलतो. ते २४ तास टेबलापर्यंत पोचताना कुठं कुठं जातात? रस्त्यात, पहिल्या दवाखान्यात, एमआरआयसाठी, की पैशांची जुळवाजुळव करताना?

या प्रश्नाला काय लागतं बघा. चार वेळांची नोंद करायची: पडल्याची, पहिल्या दवाखान्यात पोचल्याची, आपल्याकडे आल्याची, आणि ऑपरेशनचा पहिला छेद घेतल्याची. पहिली वेळ नातेवाइकांना विचारायची. 'सकाळी' एवढ्यावर थांबायचं नाही. धार काढून झाली होती का, शाळा भरली होती का, एसटी गेली होती का, असं विचारलं की बरोबर तास सापडतो. दुसरी वेळ रेफरल चिठ्ठीवर असते. १०८ ने आला असेल तर रुग्णवाहिकेच्या कागदावर असते. तो कागद नातेवाईक खिशात घालतात आणि तो हरवतो, म्हणून कॅज्युअल्टीतच त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चौथी वेळ भूलतज्ज्ञांच्या नोंदीतून घ्या, आपल्या आठवणीतून घेऊ नका. सोबत दाखल होतानाची एशिया ग्रेड (हातपायांची ताकद आणि संवेदना किती उरली ते सांगणारी), ए पासून ई पर्यंत, आणि नंतरची. एवढं प्रामाणिकपणे दोन-तीन वर्षं लिहिलं तर जो लेख होईल, तो वाचून जिल्हा रुग्णालयाला, रुग्णवाहिकेच्या लोकांना आणि आपल्यालाही काहीतरी बदलता येईल. मला असे प्रश्न मोलाचे वाटतात.

मोळी आणि भाऱ्याचा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. 'डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकांच्या एमआरआयमध्ये इतक्या टक्क्यांत चकती झिजलेली दिसली' असा लेख लिहून काही सिद्ध होत नाही. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या कमरेच्या एमआरआयमध्येसुद्धा चकतीची झीज विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के दिसते, हे २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात आलं आहे. मानेतही वयानं झीज होतेच. म्हणून त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण ओझं न वाहणाऱ्या बायकांचा गट समोर ठेवावाच लागतो. असा गट आपल्या खेड्यात शोधून दाखवा! तोच या अभ्यासाचा खरा कस आहे. रिपोर्टवर 'गॅप' वाचून घाबरून आलेल्या पेशंटला समजावतानाही हे आकडे उपयोगी पडतात, ते वेगळं.

'ऑपरेशन की औषधं' यावर चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याचा मोह सुरुवातीला आवरा. चकती सरकून पाय दुखणाऱ्या पेशंटवर अमेरिकेत १३ केंद्रांवर झालेल्या स्पोर्ट अभ्यासाचे निकाल २००६ मध्ये आले. ज्यांच्या वाट्याला ऑपरेशन आलं होतं त्यांच्यापैकी पहिल्या तीन महिन्यांत निम्म्यांनीच ते केलं, आणि ज्यांना औषधांवर ठेवलं होतं त्यांच्यातले ३० टक्के ऑपरेशन करून मोकळे झाले. पाय दुखत असताना माणूस चिठ्ठीचं ऐकत नाही. पैसा, माणसं, व्यवस्था असूनही तिथं हे झालं. आपण निरीक्षणाच्या (उपचार नेहमीसारखे ठेवून फक्त नोंदी घेण्याच्या) अभ्यासापासून सुरुवात करावी, पण तो काटेकोर करावा.

मोजमाप ऑपरेशनच्या आधी

ऑपरेशननंतरचा आनंद मोजणं सोपं असतं. आधीचं मोजलेलं नसेल तर त्या आनंदाला अर्थ नाही. कमरेसाठी ऑस्वेस्ट्री निर्देशांक घ्या, म्हणजे कंबरदुखीनं रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारी प्रश्नावली. हा १९८० चा आहे. दहा भाग, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि टक्केवारी. मराठी आवृत्ती उपलब्ध आहे आणि तिची विश्वासार्हता तपासलेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला आहे. त्यामुळे स्वतः भाषांतर करत बसू नका, आणि वापरण्याआधी रीतसर परवानगी घ्या.

आता हा फॉर्म आपल्या ओपीडीत भरला जातो तेव्हा प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. पेशंट चंदगडहून सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत) एसटीनं, तिथून रिक्षानं येतो. आल्या आल्या वेदना विचारली तर तो दहापैकी नऊ सांगणारच, कारण खड्ड्यांनी कंबर हलवून काढलेली असते. त्याला अर्धा तास टेकू द्या, चहा होऊ द्या. 'गेल्या आठ दिवसांत साधारण किती' असं विचारायचं की 'आत्ता किती', हे आधी ठरवा आणि दर वेळी तेच विचारा. फॉर्म भरून घेणारी व्यक्ती सर्जन नसावी. मी समोर बसले तर माझ्या तोंडाकडे बघून पेशंट म्हणतात, "लई फरक हाय बघा म्याडम," आणि बाहेर फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगतात की रात्री झोप नाही. आमच्याकडे फॉर्म त्याच भरून घेतात, आणि मी त्या खोलीत जात नाही.

वाचता न येणाऱ्या पेशंटला प्रश्न जसाच्या तसा, सावकाश, दोनदा वाचून दाखवायचा. स्वतःच्या शब्दांत 'म्हणजे असं बघा' करून सांगायचं नाही. एकीनं वैरणीच्या भाऱ्याचं उदाहरण दिलं आणि दुसरीनं सिलिंडरचं, तर दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. आठवा भाग लैंगिक जीवनाचा आहे. आपल्याकडे तो बहुतेक जण मोकळा सोडतात, विशेषतः सासू किंवा मुलगा शेजारी उभा असताना. नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. तरीही उत्तर नसेल तर मोकळाच ठेवा आणि गुण ५० ऐवजी ४५ पैकी काढा. त्या जागी शून्य घातलंत तर पेशंट कागदावर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. निर्देशांक साधारण १० ते १३ गुणांनी उतरला तरच पेशंटला स्वतःला फरक जाणवतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. चार गुणांच्या फरकावर पी व्हॅल्यू (योगायोगाची शक्यता जोखणारा आकडा) कितीही सुंदर आली, तरी त्या माणसाचं शेतातलं काम बदललेलं नसतं.

मानेतल्या मज्जारज्जूच्या दाबासाठी जपानी ऑर्थोपेडिक संघटनेचं मापन वापरतात. मूळ मापनात चॉपस्टिक्स होत्या, सुधारित १८ गुणांच्या मापनात चमचा आणि शर्टाची बटणं आहेत. आपला पेशंट सांगतो की भात कालवता येत नाही, नोटा मोजताना हातातून निसटतात, किंवा साडीच्या निऱ्या धरता येत नाहीत. मापनाचे शब्द आपल्या मनानं बदलू नका, नाहीतर जगातल्या कुणाशीच तुलना होणार नाही. पण शेजारी एक मोकळा रकाना ठेवा आणि निऱ्या, नोटा, भात हे तिथं लिहा. पुढे कधी आपल्याकडचं मापन तपासून घ्यायची वेळ आली तर कच्चा माल तोच असेल. आत्तापर्यंत माझ्या फायलींमधला सगळ्यात वाचनीय रकाना हाच आहे.

एक्सरे आणि एमआरआयच्या मापांबद्दल थोडक्यात. कॉब अँगल (एक्सरेवर मोजलेला मणक्याच्या वाकाचा कोन) एकाच माणसानं दोनदा मोजला तरी तीन-पाच अंश इकडेतिकडे होतो. म्हणून दोघांनी, एकमेकांचे आकडे न बघता मोजायचं, आणि काही आठवड्यांनी चित्रांचा क्रम बदलून परत मोजायचं. स्क्रू नीट बसलेत का याची ग्रेड ऑपरेशन केलेल्यानं स्वतः देऊ नये.

क्षयावर काम करणार असाल तर ऑपरेशन थिएटरमधली एक सवय लावा. पू किंवा टिश्यू निघाला की एक भाग फॉर्मलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, आणि एक भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयाचे जंतू ओळखणारी चाचणी) आणि कल्चरसाठी. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. सगळा नमुना त्यात गेला की कल्चरही गेलं आणि औषधाला दाद न देणारा क्षय आहे का, हेही नीट कळत नाही. ऑपरेशन लांबलेलं असतं, सगळे थकलेले असतात आणि स्क्रब सिस्टर सवयीनं एकच बाटली पुढे करतात. म्हणून दोन बाटल्या, दोन रंगांची लेबलं, ऑपरेशन सुरू होण्याआधीच ट्रॉलीवर हव्यात. भारतात हाडांच्या क्षयाचं औषध निदान १२ महिने चालतं. म्हणजे हे पेशंट वर्षभर तुमच्याशी बांधलेले असतात. पाठपुराव्याच्या अभ्यासाला याहून चांगला गट मिळणार नाही.

पेशंट परत आणणं

इथं जास्त बोलते, कारण आपले अभ्यास इथंच मरतात. चांगली नियतकालिकं मणक्याच्या शस्त्रक्रियेचा निदान दोन वर्षांचा पाठपुरावा मागतात. दोन वर्षांत सिमकार्ड बदलतं, मुलगा पुण्याला जातो, सून बाळंतपणाला जाते. आणि न आलेले पेशंट कोण असतात? काही पूर्ण बरे झालेले, आणि काही आपल्यावर नाराज होऊन दुसरीकडे गेलेले. कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसेल तर उरलेल्यांचे आकडे काहीच सांगत नाहीत.

दाखल होतानाच तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरातल्या दुसऱ्या कुणाचा, आणि गावात कायम असणाऱ्या एका पाव्हण्याचा किंवा शेजाऱ्याचा. तिन्ही तिथंच लावून बघा. पत्त्यात 'मु. पो.' एवढं पुरत नाही. एकेका गावात पाटील आडनावाची निम्मी वस्ती असते; गल्ली, मळा, जवळची तालीम नाहीतर देऊळ, आणि गावात त्या माणसाला ज्या नावानं हाक मारतात ते नाव लिहा. शहरातल्या पेठांमध्ये तर तालमीच्या नावानं घर लगेच सापडतं.

तारीख कॅलेंडरवर मोजून देऊ नका, शेती बघून द्या. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडचा पेशंट भाताच्या लावणीत येणार नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात पन्हाळा भागातून कुणाला बोलावू नका. ऊसतोडीची माणसं गळीत हंगाम संपला की बीडकडे, आपापल्या गावी परततात. त्यांची सहा महिन्यांची भेट इथं होणारच नाही, हे अभ्यास आखतानाच मान्य करून फोनवर फॉर्म भरायची सोय ठेवा. फोनवर कुणाचा भरला आणि समोर कुणाचा, हे वेगळं नोंदवा. बारावा महिना म्हणजे अकरावा ते चौदावा, अशी खिडकी आधीच जाहीर करा. त्यामुळे प्रामाणिकपणाही राहतो आणि पेशंटचीही सोय होते.

फोन कुणी करायचा? पेशंटला ओळखणाऱ्या माणसानं. आमच्या सिस्टर फोन करतात तेव्हा आधी म्हैस व्यायली का, पोरीचं लग्न ठरलं का, हे विचारून होतं, मग कंबर. त्या फोनमध्ये 'बिल', 'पुढचं ऑपरेशन' असलं काही येत नाही. पाठपुराव्याच्या भेटीला तपासणी फी घेऊ नका. मी घेत नाही. एसटीचं भाडं द्यायचं असेल तर ते एथिक्स कमिटीला (अभ्यासाला मान्यता देणाऱ्या समितीला) आधी सांगून, सगळ्यांना सारखं द्या. आला नाही म्हणून रागावू नका. "बाई रागावत्यात" हे एकदा गावात पसरलं की त्या गावचे पुढचे सगळे पेशंट गेले.

गुंतागुंतीची वही वेगळी ठेवा. ड्युरा (मज्जारज्जूवरचं आवरण) फाटणं, जंतुसंसर्ग, स्क्रू चुकणं, पायाची ताकद कमी होणं, हे सगळं त्याच संध्याकाळी लिहायचं, शक्यतो ऑपरेशन न केलेल्या माणसानं. संसर्गाची व्याख्या आधी ठरवा. फ्यूजन केलेल्या (कायमच्या जोडलेल्या) मणक्यातला खोल संसर्ग ९० दिवसांपर्यंत मोजतात, त्यामुळे टाके काढताना जखम कोरडी होती म्हणून रकान्यात 'नाही' लिहून पुढे जाऊ नका.

आणि कागद तळघरात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. फायली वरच्या मजल्यावर ठेवा, स्कॅन दुसऱ्या ठिकाणी. पेशंटची नावं आणि कोड नंबर यांची यादी वेगळी, कुलपात. माहितीच्या तक्त्यात फक्त कोड.

परवानगी आणि नोंदणी

स्वतःच्या दवाखान्यात एथिक्स कमिटी नाही म्हणून अडायचं कारण नाही. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे प्रस्ताव देता येतो. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाशी जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कसबा बावड्याला डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाऊन भेटा, नियम विचारा. जुन्या फायलींवरचा अभ्यास असला तरी परवानगी लागते; त्यात संमतीची अट शिथिल करायची की नाही, हे कमिटी ठरवते, आपण नाही. मान्यता हातात येण्याआधी एकही फॉर्म भरायचा नाही.

नव्या उपचाराची किंवा दोन उपचारांच्या तुलनेची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करा. ही नोंदवही २००७ ला सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथं मागाहून नोंदणी घेत नाहीत. निरीक्षणाचा अभ्यासही तिथं नोंदवता येतो, मी तो नोंदवावा असंच म्हणेन. नोंदणी करताना मुख्य निकाल कोणता, हे एका ओळीत लिहावं लागतं. ती एक ओळ लिहिताना बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की आपला प्रश्न अजून ठरलेलाच नाही.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, दोन पानांत बसवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून आलेल्या पेशंटची एक भीती असते: नाही म्हटलं तर योजनेचा लाभ जाईल. म्हणून 'भाग घेतला नाही तरी ऑपरेशन, औषधं आणि योजना यात काहीही फरक पडणार नाही' हे वाक्य पहिल्याच पानावर, ठळक असायला हवं आणि तोंडीही सांगायला हवं. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार अभ्यासाशी संबंध नसलेला हवा. आपलाच वॉर्डबॉय चालत नाही. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर सही घेऊ नका. आदल्या दिवशी कागद द्या, घरच्यांनी वाचू दे.

संख्याशास्त्राच्या माणसाकडे शेवटी जायचं नसतं, सुरुवातीला जायचं असतं. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. प्रश्न, मुख्य निकाल आणि वर्षाला असे किती पेशंट येतात, एवढं घेऊन जा. किती पेशंट लागतील हे तिथं कळेल. आकडा आवाक्याबाहेरचा निघाला तर मिरज, बेळगाव, रत्नागिरीचे सहकारी सोबत घ्या किंवा प्रश्न लहान करा. विश्लेषणासाठी आर आणि जामोव्ही ही साधनं फुकट आहेत, संदर्भ ठेवायला झोटेरो. पैसे खर्च करायचेच असतील तर फॉर्म भरणाऱ्या आणि फोन करणाऱ्या माणसाच्या पगारावर करा.

पैसा आणि नावं

इम्प्लांट कंपनीचा माणूस एक दिवस म्हणेल, "मॅडम, आमच्या स्क्रूवर एक स्टडी करू या." त्याआधी बीएमपी-२ चं प्रकरण नीट वाचा. हाड जुळवणारं हे प्रथिन कमरेच्या फ्यूजनसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं. कंपनीच्या पैशावर झालेल्या १३ अभ्यासांत ७८० पेशंट होते आणि त्या प्रथिनामुळे झालेला दुष्परिणाम एकही नोंदवलेला नव्हता. २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल'नं सगळं पुन्हा तपासून छापलं: खरा धोका सांगितलेल्यापेक्षा १० ते ५० पटींनी जास्त होता. मणक्याच्याच सर्जननी, मणक्याच्याच नियतकालिकात हे छापलं, याचा मला आपल्या शाखेबद्दल फार आदर वाटतो. त्या ७८० जणांमधल्या कुणालाच काही झालं नाही, हे कुणीतरी लिहिलं, कुणीतरी सही केली, कुणीतरी वाचून पुढच्या पेशंटला वापरलं. कंपनीकडून पैसे, प्रवास, इम्प्लांटची सूट, काहीही घेतलं असेल तर ते लेखात लिहा. माहितीचा तक्ता कंपनीच्या हाती देऊ नका, आणि निकाल उलटा आला तरी छापण्याचा हक्क करारात आधी लिहून घ्या.

लेखकांची नावं अभ्यास सुरू होतानाच कागदावर ठरवा. विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा दवाखाना त्यांचा आहे म्हणून नाव घालायचं नाही. ज्यानं आखणी केली किंवा माहिती गोळा केली, लेखनात भाग घेतला, शेवटचा मसुदा वाचून मान्य केला आणि जो त्यातल्या शब्दाला उत्तरदायी आहे, तो लेखक. आमच्याकडे फॉर्म भरणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई मसुदा वाचतात, चुका काढतात. त्यांचं नाव लेखकांत असतं. एमबीबीएसची मुलं उत्सुक असतील तर आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी त्यांना प्रस्ताव लिहायला लावा. दोन महिन्यांत एक लहान, नेमका प्रश्न सुटतो.

लिहिणं आणि परत देणं

'पद्धती' हा भाग अभ्यास चालू असतानाच लिहून ठेवा. दोन वर्षांनी आठवत नाही. निरीक्षणाच्या अभ्यासाला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीला कन्सॉर्ट, या तपासयाद्या समोर ठेवून लिहा. किती पेशंट आले, किती घेतले, किती गळले आणि का, याची आकृती पहिल्या पानांत हवी. लेख नाकारला गेला तर समीक्षकांच्या सूचना सुधारून पुढच्या ठिकाणी पाठवा, यात विशेष काही नाही. मात्र 'आठ दिवसांत छापू, इतके पैसे भरा' असं ईमेल करणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. तिथं छापलेलं कुणी वाचत नाही, आणि तुमचे दोन वर्षं जपलेले पेशंट वाया जातात.

विषय एकच धरा. क्षय, मज्जारज्जूची इजा, मानेचा दाब, काहीही. पण दहा वर्षं तोच. पहिल्या अभ्यासातून दुसऱ्याचा प्रश्न निघतो, आणि हळूहळू त्या प्रश्नाचे पेशंट लांबून तुमच्याकडे येऊ लागतात.

लेख छापून आला की त्यातल्या पेशंटना निकाल मराठीत एका पानावर द्या. काय विचारलं होतं, किती जणांना विचारलं, काय दिसलं, आणि तुमच्या उपचारात आता काय बदलणार किंवा नाही बदलणार. आलेख नको, टक्केवारी नको. 'दहापैकी सात जणांना' असं लिहा. निकाल मनासारखा नसला तरी द्या. पुढच्या भेटीला आलेल्यांना हातात द्या, न येणाऱ्यांना पोस्टानं पाठवा किंवा सिस्टरांनी फोनवर वाचून दाखवावं. एथिक्स कमिटीकडे अर्ज करतानाच या पानाचा नमुना जोडलात तर नंतर वेगळी परवानगी काढायला लागत नाही. पानाखाली दवाखान्याचा नंबर टाका, कारण ते वाचून लोक फोन करतात, आणि त्यातले काही असे असतात की ज्यांना तुम्ही 'संपर्क तुटला' या रकान्यात घातलेलं असतं.